बांधावरच्या बाईचं नाव

तेरा एप्रिल, रविवार, सकाळी साडेनऊ. जागा: गावच्या घराची ओटी, कामशेतच्या पुढे, वडिवळ्याच्या धरणाच्या अंगाला. हजर: नाना, माझा थोरला चुलतभाऊ, तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त. पोपट, नानाचा धाकटा भाऊ, लोणावळ्यात बंगले भाड्यानं देतो. दर पाच मिनिटांनी फोन घेऊन अंगणात जात होता. शालनवहिनी, नानाची बायको. हजर म्हणायचं, पण पूर्ण वेळ उंबऱ्याच्या आत. आणि मी, नंदा, वय त्रेपन्न, लोणावळ्यातल्या एका शाळेत मुख्य लिपिक. गैरहजर: आबा, नाना-पोपटचे वडील, आदल्या महिन्यात वारले. भिंतीवर: पणजोबा रखमाजी. फेटा, मिशा, प्लास्टिकचा हार.

हे गेल्या वर्षीचं टिपण. माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. मी सगळ्याची टिपणं ठेवते, आणि त्या दिवशी मला बोलावलं होतं तेही त्याचसाठी.

काम सरळ होतं. गावाबाहेरचा माळ, ज्याच्या कडेला आमच्या घरानं चार पिढ्या भाताचे राब भाजले, तो अजून रखमाजीच्याच नावावर होता. माणूस कधीच गेला, त्याची मुलं गेली, नातवंडंही गेली, सातबाऱ्यावर मात्र तो ठणठणीत. पोपटला तो माळ एका पार्टीला बंगल्यांसाठी द्यायचा होता. त्यासाठी वारसांची नोंद, नोंदीसाठी वंशावळ, आणि वंशावळीखाली सगळ्या वारसांच्या सह्या. शपथेवर. रखमाजीपासून आजपर्यंतची सगळी माणसं यात आहेत, एकही सुटलेलं नाही, असं शेवटी लिहावं लागतं. माझे वडील रखमाजीचे नातू. ते नाहीत, म्हणून सही माझी.

"ताई, तूच लिही," पोपट म्हणाला. "तुझं रोजचंच काम आहे. नावं लिहायची, नावं खोडायची."

"खोडत नाही मी."

"तेच गं. क्लिअर करून दे फक्त. पार्टी थांबायला तयार नाही."

नाना म्हणाला, "बाप्ये वर घ्यायचे. बाया खाली, कंसात. लेकी न्हाई घेतल्या तरी चालतंय."

"मी लेकच आहे, नाना. मला कुठे घालू?"

"तुजं वायलं. तू सही करनार हायेस."

*

यंदाचा राबाचा धूर परवा शाळेपर्यंत आला. वार्षिक परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे बांधत होते, तेव्हा आधी घशात खवखवलं आणि मग वास आला. आमच्या शाळेत नव्यानं लागलेल्या एक बाई खिडकीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "किती छान वास आहे ना, अगदी गावाकडचा!" मी खिडकी लावून घेतली. गठ्ठ्यांवर राख बसते, असं कारण दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं करायची तर आधी वाफ्याची माती भाजावी लागते. त्यासाठी खाली शेण-गोवऱ्यांचा थर, त्यावर झाडांचे छाटलेले टहाळे, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती पेरायची. हे सगळं दाबून बसवायचं आणि पेटवायचं. याला राब म्हणतात. राब भडकून चालत नाही. तो धुमसत जळला पाहिजे, म्हणजे तण मरतं, किडे मरतात, माती तांबूस होते. म्हणून तो वाऱ्याच्या उलट पेटवायचा. वारा जिकडून येतो त्याच्या पलीकडच्या टोकाला काडी लावायची, मग आग वाऱ्याशी झगडत हळूहळू मागे सरकते. वाऱ्याच्या अंगानं पेटवला तर ती धावत सुटते. हे मावळात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

माझे वडील रेल्वेत लागले आणि आम्ही लोणावळ्याला आलो, पण सुट्टीत मला गावी सोडायचे. तेव्हा मलाही तो वास आवडायचा, हे कबूल करते. विझत आलेल्या राबात आम्ही कैऱ्या पुरायचो. काळ्या झालेल्या सालीतून त्या दाबून बाहेर काढायच्या आणि बोटं भाजत खायच्या. चपला घालून राबात गेलं तर चपला चिकटायच्या, अनवाणी गेलं तर तळवे. केसांचा वास आठवडाभर जायचा नाही. आई डोकं धुताना म्हणायची, "धुरांडं झालंय नुसतं."

राबाच्या वरच्या अंगाला बांध होता. त्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड, गुडघ्याएवढा. राब पेटवायच्या दिवशी घरातल्या बायका त्याला नवा शेंदूर लावायच्या, भात-पिठल्याचा निवद ठेवायच्या आणि दगडाकडे बघत न राहता चटकन वळायच्या. पुरुष तोवर लांब उभे. "बांधावरची बाई" म्हणायचे सगळे. राखणदार देवता. सातवीच्या परीक्षेआधी मी तिच्याकडे गणितात पास कर म्हणून मागितलं होतं. पास झाले. नारळ द्यायचा राहून गेला.

*

कामाला लागले. वहीत कागदांची यादी केली: जुने उतारे, फेरफार, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेची रजिस्टरं. रजा टाकून हेलपाटे घातले. कुणी धूळ झटकून दिलं, कुणी उद्या या म्हणालं. या कामाचा मला कंटाळा नाही. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी तळेगावात आहेत, त्यांना छायाप्रती नेऊन द्यायचे. ते भिंगातून वाचायचे, मी लिहून घ्यायचे.

आमच्या घराण्याचा फोनवर एक गट आहे. त्याचं नाव पोपटनं रखमाजीवरून ठेवलं आहे. दर दसऱ्याला त्यावर रखमाजीचा फोटो येतो, खाली पंचवीस जणांचे हात जोडलेले. कर्तबगार पुरुष, शून्यातून विश्व, वगैरे. एका पिढीनं दुसरीला आणि दुसरीनं तिसरीला सांगितलेलं, कुणी तपासलेलं नाही. मी तपासायला बसले तर तो कर्तबगार पुरुष कागदावर फारसा दिसेना. एक बांध कोरल्याची तक्रार. शेजाऱ्याचा बैल अडवल्याची तक्रार. दोन्ही त्याच्याविरुद्ध.

मग मृत्यूच्या नोंदींत गुरुजी थांबले.

"हे तुमच्याच घरातलं," म्हणाले. "मयताचं नाव: रखमाजी याची बायको. कारण: राबात जळून."

"नाव काय आहे?"

"हेच. रखमाजी याची बायको."

"नाव, गुरुजी. बाईचं नाव."

त्यांनी भिंग पुन्हा धरलं, मागच्या-पुढच्या ओळी बघितल्या, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "नाही घातलेलं. रकाना भरलाय, पण नाव नाही."

सनाचा आकडा पुसट होता, पण माझ्या पणजीचा, भागीरथीचा, पहिला मुलगा जन्मला त्याच्या आधीचा नक्की. म्हणजे ही भागीरथी नव्हे. भागीरथीच्या आधी कुणीतरी होती. त्याच वहीत दोन पानं मागे जन्माची एक नोंद सापडली: रखमाजी यास मुलगी. त्या मुलीलाही नाव नव्हतं, आणि आईचा तर रकानाच नव्हता.

मी तीस वर्षं शाळेचं रजिस्टर लिहिते आहे. आईच्या नावाशिवाय आता एकही दाखला आमच्याकडून बाहेर पडत नाही. कधी एखादा बाप खिडकीशी हुज्जत घालतो, आईचं नाव कशाला पाहिजे. मी पेन खाली ठेवते आणि म्हणते, "घरी जाऊन विचारून या." त्या दिवशी गुरुजींच्या घरी मला ती नोंद लिहिणारा तो कुणीतरी पाटील समोर हवा होता. बाई जळून मेली तेव्हा तो पंचनाम्याला गेला असेल, बसला असेल, पाणी प्यायला असेल, लेखणी दौतीत बुडवली असेल. समोर तिची माणसं असतील. एक प्रश्न विचारायचा होता. तेवढाही विचारला नाही.

*

नानाला विचारून उपयोग नव्हता. वहिनीला विचारलं. ती मागच्या दारी परातीत चिंच फोडत बसली होती. मी समोर बसून चिंचोके वेचायला लागले.

"वहिनी, रखमाजीची पहिली बायको कोण?"

वहिनीचा वरवंटा थांबला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"कागदानं."

"मग कागदालाच इचारा की."

मी चिंचोके वेचत राहिले. बोलत राहणारा माणूस समोर असला की वहिनी गप्प होते, हे मला तिच्या लग्नापासून माहीत आहे. चार चिंचा फोडून झाल्या.

"तिलाच की वो निवद ठिवतो आमी," ती म्हणाली. "बांधावर."

मला कळायला वेळ लागला.

"सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्सीच सांगितलं. त्येंना त्येंच्या सासूनं. बाप्यांना न्हाई सांगायचं. बाप्यांना वाटतं देव हाय." तिनं आत कानोसा घेतला आणि आवाज उतरवला. "दुपारचं राब भाजत व्हते. ती पलीकडच्या टोकाला टहाळा घिऊन हुबी, आग भायेर पडली तर झोडायला. आन् ह्यानं अलीकडनं काडी लावली. वाऱ्याच्या अंगानं."

"चुकून?"

"तसं म्हनत्यात." वरवंटा पुन्हा सुरू झाला. "लय चिडका व्हता म्हनं. सकाळपास्नं भांडान चाललं व्हतं. आता त्या दोगांत काय व्हतं ते कुनी बगितलंय? पाऊस पडायच्या आत दुसरी आनली. लावनीला हात पायजे व्हते ना घरात."

"आणि मुलगी?"

"रांगती व्हती. तिच्या मामानं नेली. कार्ल्याला दिली नंतर. तिची लेक हाय अजून, हौसाआत्या. रस्त्याला दुकान हाय सुनंचं."

"पहिलीचं नाव काय होतं?"

"ते न्हाई ठावं. देवाचं नाव कोन इचारतंय? बाई म्हनायचं."

माझ्या वहीत दोन रकाने असतात. एक, कळलेलं. दोन, वाटतं ते. जन्मभर राब भाजलेल्या माणसाला वारा कुठून येतो ते कळलं नाही, हे मला पटत नाही. पण ते मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं. पहिल्या रकान्यात एवढंच: ती जळाली. लावणीआधी दुसरी आली. मग घरात कुणीतरी आजारी पडलं असेल, एखादी म्हैस मेली असेल, भगतानं सांगितलं असेल, आणि तिला बांधावर बसवलं. तेव्हापासून ती याच घराची राखण करते आहे. दर वर्षी, राब पेटतो त्याच दिवशी, त्याच जागी, तिच्यापुढे भात-पिठलं ठेवतात.

आणि मी तिच्याकडे गणिताचे मार्क मागितले.

*

पुढच्या रविवारी ओटीवर सांगितलं. वंशावळीत रखमाजीच्या शेजारी दोन चौकटी येतील. एक भागीरथीची, एक पहिलीची. पहिलीच्या खाली मुलगी, मुलीखाली हौसाआत्या. वहिनीचं नाव मी घेतलं नाही. फक्त नोंद पुढे ठेवली.

पोपटनं फोन खिशात ठेवला. प्रकरण गंभीर आहे हे मला त्यावरून कळलं.

"ताई, वकील म्हणतो त्या कार्ल्याच्या म्हातारीचा काडीचा हक्क नाही. कायद्यानंच नाही."

"तू आधीच विचारून ठेवलंयस?"

तो भिंतीकडे बघायला लागला.

"हक्क नाही ना?" मी म्हणाले. "मग लिहायला काय जातं?"

"लिहिलं की प्रश्न येतात. पार्टी विचारते, ही कोण, तिची सही कुठाय. एका चौकटीपायी सहा महिने."

"आणि खाली शपथेवर काय लिहायचं? एकही सुटलेलं नाही, म्हणून?"

"सगळेच लिहितात गं."

नाना इतका वेळ तंबाखू मळत होता. "बांधावर बाई न्हाई. देवी हाय ती," तो म्हणाला. मी दगडाचं नावच काढलं नव्हतं. "माज्या बापानं कोंबडं दिलंय तिला. मी पन दिलंय. तू देवाला आमची सावत्र पनजी करायला निगालीस? उद्या म्हनशील मारुती आमचा मामा."

"नाना, तुला माहीत होतं."

"मला काय बी ठावं न्हाई. आन् तुला एवडा पुळका कशाचा आलाय? वर्सातनं दोनदा येतीस गावाला, तांदूळ घिऊन जातीस. तुझ्या मनात काय हाय ते कळतंय मला. माळ अडवायचाय."

"मला माळ नको आहे. सही मागतोयस ती खरी असावी, एवढंच."

"तर मग गप सही कर."

मग पोपट समजुतीच्या सुरात आला. त्याचा हा सूर मला त्याच्या रागापेक्षा जास्त झोंबतो. "ताई, आपण तिचं छान करू. पार्टीशी बोललोय मी. गेटपाशी छोटं मंदिर, टाइल्स लावून, वर कळस. गेस्टना आवडतं असलं. लायटिंग पण करू."

उंबऱ्याच्या आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

*

मे महिन्यात कार्ल्याला गेले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, पुढे करवंदांचे द्रोण, जांभळं, कैऱ्या, ताकाचा माठ. महामार्गावरून बस गेली की शेड थरथरायची. हौसाआत्या मागे खाटेवर बसून पळसाच्या पानांचे द्रोण टाचत होती. ऐंशीच्या पुढची, पण बोटं माझ्यापेक्षा चलाख. मी स्वतःची ओळख सांगितली. सुनेनं लगबगीनं ताकाचा पेला भरला.

"ठिव ते," आत्या म्हणाली. "पावनी न्हवं ती."

सून ओशाळली. अर्धा पेला माठात परत ओतून अर्धा मला दिला.

"रखमाजीच्या घरचं मानूस हितं कवा आलं न्हाई," आत्या द्रोणाकडेच बघत म्हणाली. "माज्या आयच्या लग्नाला न्हाई, तिच्या मातीला न्हाई. आन् आता तू आलीस, पिशवीत कागुद घिऊन. जमीन इकायला काडली वाटतं?"

"हो."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "खरं बोलतीस की. मला वाटलं आत्या-आत्या करत रडशील."

मी तिला नोंद वाचून दाखवली. वंशावळ दाखवली. रिकामी चौकट दाखवली. म्हटलं, तुमच्या आजीचं नाव हवं आहे. मनात माझं असं होतं, आता खोटं का बोला, की म्हातारीचे डोळे भरतील, ती माझा हात धरेल, कुणीतरी विचारलं म्हणेल. येताना गाडीत मी पिशवीत रुमाल वर काढून ठेवला होता.

"रखमाजीची बायकू," आत्या म्हणाली. "लिवलंय की त्यात. तेच उतरवा. सोय हाय."

"ते नाव नाही, आत्या."

"आत्ता कळलं व्हय तुमाला?" पळसाचं पान चराचरा फाटलं. "मला ठावं हाय नाव. माज्या आयला तिच्या मामानं सांगितलं, आयनं मला. ह्या सुनंला बी ठावं न्हाई. पर तुमच्या कागदाला का म्हनून द्यू? तुमचा पनजा भ्याला तिला. जळाली तवा न्हाई भ्याला, नंतर भ्याला. म्हनून शेंदूर फासला. आन् तुमी पोरं-बाळं घिऊन पाया पडता! राखन करती व्हय तुमच्या भाताची? जित्तेपनी राबवली, मेल्यावर बी सुट्टी न्हाई."

एक बस गेली. शेड थरथरून थांबली.

"आदी तो शेंदूर खरवडा," ती म्हणाली. "समदा. दगूड दगडासारका दिसूं द्या. मग ये. मानसाचं नाव हाय ते, देवाला न्हाई द्यायची मी."

"आणि तोवर..." माझं वाक्य अर्धंच राहिलं. तिच्या वयाचा उल्लेख माझ्या ओठांवर आला होता.

"मेले तर मेले," हौसाआत्या म्हणाली. "माज्यासंगं जाईल ती. तुमच्या बांधापरास बरं."

मला राग आला. आजही येतो. मी रजा काढल्या, उन्हात हेलपाटे घातले, भावांशी वैर घेतलं, आणि ही बाई मलाही त्याच ओळीत उभी करते. कामशेत येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. मग आठवलं की त्या दगडापुढे मी कितीदा वाकले होते, आणि उत्तरं संपली.

*

यादी केली. रंगाऱ्याची पत्र्याची पट्टी, गोणपाट, ओला फडका, हातमोजे. पुढच्या रविवारी सकाळी थेट बांधावर. राब केव्हाच विझून काळा-तांबडा वाफा उरला होता, पहिल्या पावसाची वाट बघत. शेंदूर खपल्यांनी निघत होता, झाडाच्या सालीसारखा. वर केशरी, त्याखाली लाल, त्याखाली विटकरी, त्याखाली जवळजवळ काळा. प्रत्येक थर कुणा ना कुणाच्या हातचा. तळहाताएवढा भाग मोकळा झाला. खाली साधा काळा दगड. डोळे नाहीत, कोरीव काही नाही. नदीतला असावा.

नाना माळावरून ओरडत आला. "हात काड! हात काड म्हनतो!" मागून वहिनी, पदर सावरत, जवळजवळ पळत.

"नाना, तू त्या टोकाला उभा राहा. मी माझं काम करते."

"देवाला हात लावतीस? घरात कुनाचं वाईट झालं तर तू भरून देनार? बहीन म्हनून ऐकून घेतलं इतकं दिस!"

"तुमी व्हा बाजूला," वहिनी म्हणाली. मला वाटलं मला म्हणते. ती नानाला म्हणत होती. नाना इतका चकित झाला की खरंच दोन पावलं मागे सरला. मग वहिनी माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली.

"वन्सं, तुमी न्हाई घातलेला. तुमी न्हाई काडायचा."

"वहिनी, तुम्हीच सांगितलं मला—"

"सांगितलं. म्हनून काय झालं?" तिच्या आवाजात माया नव्हती. "तुमी शुक्रवारी याल न् रविवारी जाल. हितं मी ऱ्हाते. तिला चाळीस वर्सं मी जेवू घातलंय, तुमी न्हवं. काडायचा तर म्या काडीन."

"कधी?"

"ते मला इचारू नका."

तिनं खपल्या गोणपाटातून ओच्यात भरल्या आणि घरी नेल्या. टाकल्या की ठेवल्या, मला माहीत नाही. मी वहीत त्या ओळीपुढे "प्रलंबित" लिहिलं. हा शब्द मी ऑफिसात दिवसातून दहादा लिहिते.

*

वर्ष झालं. वंशावळ माझ्या कपाटात आहे. सगळ्या चौकटी शाईनं, एक शिसपेन्सिलीनं, आत काही नाही. माझी सही नाही. फोनवरच्या त्या गटातून पोपटनं मला काढून टाकलं आहे, पण वेगळे निरोप पाठवतो: "ताई, फक्त एक सही." "ताई, पार्टी दुसरीकडे बघतेय." "ताई, तुला हवंय तरी काय?" मी एकाच ओळीत उत्तर देते: चौकट भरली की सही. नाना बोलत नाही. दिवाळीला तांदूळ आले नाहीत. इंद्रायणी मी दुकानातून आणला, आणि शिजताना त्याचा वास घरभर पसरला तेव्हा त्याचाही राग आला.

कधीकधी वाटतं, सोडून द्यावं. एक बाई होती, गेली. मावळातल्या प्रत्येक बांधावर असा एखादा दगड असेल. सगळ्यांच्या चौकटी मी कुठे काढत बसू? मग ऑफिसच्या खिडकीशी कुणीतरी येतं, मी फॉर्म पुढे करते, आईचं नाव, आणि माझं पेन तिथंच थांबतं.

हौसाआत्याच्या सुनेचा नंबर घेऊन ठेवला होता. दर पंधरा दिवसांनी फोन करते. संक्रांतीपासून आत्या खाटेवरून उठत नाही. काही दिवशी माणसं ओळखते, काही दिवशी नाही. गेल्या आठवड्यात सून म्हणाली, "तुमी यायच्या असाल तर लौकर या. काल मला 'आय' म्हनून हाक मारली त्येंनी." मी म्हटलं, शेंदूर अजून तसाच आहे, मला रिकाम्या हातानं येता येत नाही. ती म्हणाली, "ठावं हाय मला. मला बी न्हाई सांगत."

धूर आला त्या संध्याकाळी शालनवहिनीचा फोन आला. वर्षभरात पहिला. मागे गुरांचे आवाज होते, म्हणजे गोठ्यातून बोलत होती.

"वन्सं, राब पेटला आज."

"कळलं. धूर आलाय इथपर्यंत."

"वाऱ्याच्या उलट पेटवला. मी हुबी ऱ्हायले बगायला."

मी वही पुढ्यात ओढली.

"निवद ठिवला. तेवडा ठिवला मी, रागावू नका. पर शेंदूर न्हाई लावला यंदा."

"नाना काय म्हणाला?"

"त्येंनी बगितलं कुटं? लांबनं लाल दिसलं की झालं त्येंचं." गोठ्यात म्हैस हंबरली, वहिनीनं तिला एक शिवी दिली आणि परत फोनवर आली. "आत्या कशी हाय?"

"मागच्या खेपेपेक्षा वाईट."

"नवा न्हाई चडवला," वहिनी म्हणाली. "आता जुना तेवडा काडायचा ऱ्हायलाय."